तालुक्याच्या काउंटरवरचं इंजिन ऑइल आणि पंपावरचं इंधन: विदर्भातल्या गाडीला काय मानवतं

वणी, दारव्हा, हिंगणघाट, मूर्तिजापूर, कोणत्याही तालुक्याच्या गावी ऑटो पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरमागे साधारण तोच माल दिसतो. खाली जमिनीवर २०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० च्या बकेटा, मधल्या फळीवर गाडीच्या कंपनीच्या नावाचे कॅन, सगळ्यात वर फुल सिंथेटिक, आणि कोपऱ्यात नळ लावलेला बॅरल. पंपावर गेलात तर सर्वो, मॅक, एचपीचे डबे. दुकानदार विचारतो, "कोणतं देऊ भाऊ?" आणि गिऱ्हाईक म्हणतं, "चांगलंवालं द्या." चांगलं कोणतं हे डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या दोन गोष्टी सांगतात: जाडीचा ग्रेड आणि दर्जाचा कोड. समोरचं चित्र आणि डब्याचा रंग बघून घेतलेलं ऑइल गाडीला लागू पडलं तर तो योगायोग समजा. या चारही प्रकारांचं आणि सोबत पंपावरच्या इंधनाचं परीक्षण इथे मांडलं आहे, आपल्या भागातला उन्हाळा, फुफाटा, पांदण रस्ते आणि लहान-लहान फेऱ्या धरून.

बॅरलपासून सुरुवात करू, कारण तिथे निकाल सोपा आहे. खुल्लं ऑइल चारचाकीत टाकू नका. बॅरलमध्ये काय आलं, कधी आलं, त्यात वापरलेलं काळं तेल गाळून मिसळलं आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. ताजं ऑइल आणि निवळलेलं जुनं ऑइल बोटावर सारखंच बुळबुळीत लागतं. फरक असतो तो त्यातल्या रसायनांचा. घाण धरून ठेवणारं, आम्ल मारणारं, झीज थोपवणारं हे सगळं जुन्या ऑइलमध्ये संपलेलं असतं. शिवाय उघड्या बुचातून धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा आत जाते. लिटरमागे वाचलेले शे-दीडशे रुपये बेरिंग आणि रिंगांच्या कामात किती पटींनी जातात, ते ज्यांनी इंजिन खोललं त्यांना विचारा.

आता ग्रेड. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५-४६ च्या पुढे जातो, म्हणून "गर्मीत जाड ऑइल टाका" हा सल्ला गावोगावी दिला जातो. तो सरसकट खरा नाही. इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, कूलंट ९० अंशांच्या आसपास राहतं आणि ऑइल त्याच्या थोडं वर चालतं. बाहेर २५ असो की ४५, चालत्या इंजिनातल्या ऑइलला २० अंशांचा फरक पडत नाही. डब्ल्यूनंतरचा आकडा गरम ऑइलच्या जाडीचा: १०० अंशांवर ३० ग्रेडच्या ऑइलची जाडी किमान ९.३ सेंटिस्टोक्स आणि ४० ग्रेडची किमान १२.५ सेंटिस्टोक्स असावी लागते. इंजिन बनवणाऱ्याने बेरिंगमधली फट, ऑइल पंपाचा दाब आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेची बारीक छिद्रं यातल्या एका जाडीसाठी आखलेली असतात.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. आपल्याकडे एवढी थंडी कधीच पडत नाही, मग ५डब्ल्यूचे पैसे कशाला द्यायचे, असं वाटेल. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी गोंदिया-नागपूरकडे पारा १० च्या खाली उतरतो, आणि त्या वेळी २०डब्ल्यू ऑइल ५डब्ल्यूपेक्षा बरंच घट्ट असतं. गाडी रात्रभर उभी, ऑइल सगळं इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरलेलं, वर कॅमशाफ्ट जवळजवळ कोरडी. चावी फिरवल्यावर ऑइल वर पोहोचेपर्यंत जो वेळ जातो त्यातच झिजेचा मोठा हिस्सा होतो. पातळ ऑइल लवकर चढतं. थंड गाडी चालू करताच टायमिंग चेनचा खळखळ आवाज दोन-तीन सेकंद येत असेल, तर चुकीचं जाड ऑइल हे त्याचं पहिलं तपासायचं कारण.

म्हणून आमचं मत असं. पेट्रोल कार असेल आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. काही नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं. ते पाण्यासारखं पातळ दिसतं म्हणून घाबरून २०डब्ल्यू-४० टाकू नका. तालुक्याला हे ग्रेड बऱ्याचदा मिळत नाहीत, तेव्हा मॅन्युअलच्या तक्त्यात दुसरा कोणता ग्रेड चालेल म्हटलं आहे ते बघा, नाहीतर जिल्ह्याहून आणा. जाडी वाढवायची एकच रास्त वेळ: गाडी जुनी आहे, लाखाच्या वर पळाली आहे, ऑइल पिते आहे, आणि मॅन्युअलचा तक्ता गरम प्रदेशासाठी एक पायरी जाड ग्रेड चालवतो. तेव्हा ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० वर जा. थेट २०डब्ल्यू-५० ची उडी नको.

दर्जाचा कोड बघताना पेट्रोलसाठी "एस" ने सुरू होणारी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) अक्षरं शोधा. एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितका दर्जा नवा, आणि नवा दर्जा साधारणपणे जुन्या पेट्रोल गाडीलाही चालतो. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे. टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगावर, जोर लावताना अवेळी पेट घेऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो, त्याचीही चाचणी आहे. टर्बो पेट्रोल गाडीला एसपीखालचं ऑइल आम्ही सुचवणार नाही. डब्यावर ग्रेड मोठ्या अक्षरात आहे आणि एपीआयचा कोडच नाही, किंवा नुसतं "हाय परफॉर्मन्स" लिहिलं आहे, तर तो डबा फळीवर परत ठेवा.

मिनरल (कच्च्या तेलापासून साधं शुद्ध केलेलं) की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं), हा प्रश्न खरं तर दर्जा ठरल्यावरचा. एसपी दर्जाचं ५डब्ल्यू-३० घेतलं की ते बहुतेक सिंथेटिक किंवा अर्धं सिंथेटिकच असतं. २०डब्ल्यू-४० मिनरल जुन्या साध्या इंजिनांना, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या व्हॅन-जीपला, ठीक आहे. पण तेही पाच हजार किलोमीटरला बदलायच्या बोलीवर. गाडीच्या कंपनीच्या नावाचं ऑइल आमच्या मते साध्या कारसाठी पैशाला सगळ्यात जास्त न्याय देणारं. ग्रेड आणि दर्जा त्या इंजिनला जुळवलेला असतो आणि किंमत वरच्या फळीवरच्या ऑइलपेक्षा बरीच कमी असते. फुल सिंथेटिकचा खरा फायदा होतो तो टर्बोला, सतत मालवाहतूक करणाऱ्याला आणि चिखलदऱ्याचा घाट रोज चढणाऱ्याला, कारण तापलेल्या टर्बोच्या बेरिंगमध्ये मिनरल ऑइल लवकर जळून काजळीचा थर धरतं.

डिझेलवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. काजळी गाडी स्वतः जाळते. पण इंजिन ऑइलमधल्या धातूंच्या रसायनांची जी राख होते ती जळत नाही, फिल्टरमध्ये साचत जाते. जुन्या पिकअपला, ट्रॅक्टरला चालणारं सीआय-४ किंवा त्याआधीच्या दर्जाचं (डिझेल ऑइलचा एपीआय कोड "सी" ने सुरू होतो) १५डब्ल्यू-४० जास्त राखेचं असतं. ते बीएस-६ पिकअपमध्ये टाकलं तर इंजिन पहिल्या दिवशी काहीच तक्रार करत नाही. काही सर्व्हिसिंगनंतर फिल्टर भरतो, दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि नवीन फिल्टरचा खर्च ऐकून माणूस हबकतो. अशा गाडीला मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं ऑइलच लागतं: डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३, किंवा मॅन्युअल म्हणत असेल तर एपीआय सीके-४. घरी ट्रॅक्टरची बकेट उघडी आहे म्हणून त्यातलं दोन लिटर पिकअपला, असं करू नका.

याच गाड्यांची दुसरी गोष्ट. वावरात चार किलोमीटर जाणं, परत येणं, बाजाराच्या दिवशी तासभर इंजिन चालू ठेवून उभं राहणं, यात डीपीएफ साफ व्हायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. गाडी पुन्हा पुन्हा सफाई सुरू करते, त्यासाठी सिलेंडरमध्ये जादा डिझेल सोडते, तेवढ्यात तुम्ही चावी बंद करता. हे डिझेल रिंगांवरून उतरून चेंबरमध्ये जातं. म्हणून ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर लगेच ऑइल बदला. आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेवर वीस मिनिटं एका वेगात पळवा. डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचा युरियाचा द्रव) लागणाऱ्या गाड्यांत तयार सीलबंद द्रव टाका. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. शेतीचा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला असतो, तो पाण्यात विरघळवून टाकला तर त्यातली अशुद्धी इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही बाद करते.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? मॅन्युअल दहा हजार म्हणतं, पण त्याच पानावर खाली "कठीण वापर" असं लिहिलेलं असतं. धूळ, सततचा भार, लहान फेऱ्या, जास्त वेळ उभ्या गाडीचं इंजिन चालू, अशी त्याची लक्षणं दिलेली असतात. विदर्भातल्या खेड्यातली गाडी या चारही खान्यांत बसते. म्हणून पेट्रोल कारला सहा ते साडेसात हजार किलोमीटर किंवा सहा ते आठ महिने, जे आधी येईल ते. वर्षाला चार हजारच फिरणाऱ्या गाडीलाही महिन्यांच्या याच मुदतीत ऑइल बदलावंच लागतं, कारण लहान फेऱ्यांत ऑइल नीट तापत नाही आणि आत धरलेलं पाणी, पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्यात ऑइलचं बूच उघडून आतून बघा. दह्याच्या सायीसारखा पांढुरका थर असेल तर तो हाच ओलावा. अर्ध्या तासाच्या सलग प्रवासानंतरही तो थर राहिला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासायला गाडी मिस्त्रीकडे न्या.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं डिझेलमध्ये मुळीच नाही. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून दोनशे किलोमीटरमध्येच काळं होतं. खरी अवस्था बघायची असेल तर पट्टीवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाका आणि काही तास राहू द्या. मधे गडद ठिपका आणि त्याभोवती फिकट होत जाणारं रुंद वलय दिसलं तर ऑइल अजून काम करतंय. काजळी मधेच गोळा झाली, कडा धारदार, बाहेर वलय पसरलंच नाही, तर घाण धरून ठेवायची ताकद संपली. बाहेरच्या बाजूला पिवळट, पातळ रिंग दिसली तर इंधन मिसळलं आहे.

ऑइल बदलताना गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, उकळती नको. सपाट जागा, हँडब्रेक, चाकामागे दगड किंवा लाकडाचा ठोकळा. आधी वरचं बूच उघडा, मग खालचा ड्रेन नट. धार संपून थेंब पडेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, थांबा. नटाखालचा वायसर दर वेळी नवा घाला. दहा-वीस रुपयांचा वायसर वाचवण्यासाठी नट जास्त आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, आणि मग पूर्ण चेंबर बदलावा लागतो. फिल्टर दर वेळी नवा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रबरांवर फिल्टर बसला तर गाडी रस्त्यावर सगळं ऑइल ओकते. नव्या फिल्टरच्या रबरावर बोटाने ऑइल लावा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पाऊण आटा. पान्याने आवळू नका.

लहान पेट्रोल कारला फिल्टरसकट साधारण तीन लिटर लागतं. साडेतीन लिटरचा कॅन आहे म्हणून सगळा रिकामा करायचा नसतो. आधी अंदाजापेक्षा थोडं कमी टाका, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा घाला, आणि दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जवळ आणा. जास्त झालेलं ऑइल फिरत्या क्रँकला लागून फेसाळतं. फेसाला दाब धरता येत नाही आणि बेरिंग उपाशी राहतं.

उत्तम ऑइललाही जी गोष्ट सावरता येत नाही ती म्हणजे धूळ. मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा, ऑक्टोबरात सोयाबीनच्या थ्रेशरचं भुसकट, वणी-घुग्घूसकडे कोळशाची भुकटी. यातली मुरमाची रेती लोखंड ओरबाडते आणि ती आत जाते ती एअर फिल्टरच्या वाटेने. दर पाच हजाराला, हंगामात महिन्याला, फिल्टर काढून बघा. हवा मारायची तर कमी दाबाने, आतून बाहेर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं नळीतोंड घड्यांना टेकवून पूर्ण दाबाने मारलं की कागद फाटतो, आणि फाटलेला फिल्टर मळक्या फिल्टरपेक्षा वाईट. आतून टॉर्च लावून बघा, कुठे उजेडाचं भोक दिसलं तर फेकून द्या. कागदी फिल्टर धुवू नका. आणि फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीच्या क्लॅम्पवर बोट फिरवा. नळीच्या आत बारीक धूळ लागली तर फिल्टर नवीन असूनही हवा बाजूने जात आहे.

एक ओळ रेडिएटरसाठी. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. क्षाराचा थर बसतो, इंजिन तापतं आणि दीड-दोन हजाराचं ऑइल महिन्याभरात भाजून निघतं. तयार कूलंट, नाहीतर कूलंट अधिक डिस्टिल्ड वॉटर.

इंधनात पहिलं नाव किराणा दुकानातल्या बाटलीचं. अडीअडचणीला दुचाकीत चालवून घेतो ते पेट्रोल कारच्या इंजेक्टरला घातक, कारण ते किती दिवसांचं, कोणत्या कॅनमधलं, त्यात रॉकेल किती, याचा पत्ता नसतो. पंपावर मात्र तुम्हाला तपासायचा हक्क आहे. फिल्टर पेपर मागा, नोजलच्या तोंडाचा एक थेंब त्यावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडतं. पेपर गुलाबीसर दिसला तर तो पेट्रोलचा रंग, तेलकट डाग राहिला तर शंका घ्या. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक मान्य आहे. फलकावरची घनता पेट्रोलसाठी १५ अंशांवर ७२० ते ७७५ च्या दरम्यान असायला हवी. टँकर खाली होत असताना किंवा नुकताच झाला असताना भरू नका, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

इथेनॉलचं बोलायचं तर आता पंपावर २० टक्के मिश्रण मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं, हे गाडीचं दुखणं नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांच्या नळ्या-सील या मिश्रणासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या, ओ-रिंगा दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून बघा. फुगलेल्या, चिरा गेलेल्या, वास येणाऱ्या नळ्या बदला. इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला इंधन फिल्टर लवकर चोंदतो. ते पाणीही ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली बसतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. पावसाळ्यात उभी राहणारी गाडी अर्ध्याहून जास्त भरलेल्या टाकीने उभी करा.

महाग प्रीमियम पेट्रोलसाठी साध्या कारला पैसे घालू नका. ऑक्टेन म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, इंजिन धुण्याची नव्हे. २० टक्के मिश्रणाच्या साध्या पेट्रोललाच आता ९५ ऑक्टेनचा निकष आहे. मॅन्युअल त्याहून जास्त मागत असेल, किंवा चढावर भार असताना इंजिन टकटक करत असेल आणि प्लग, सेन्सर ठीक निघाले असतील, तरच प्रीमियम भरून बघा.

डिझेलमध्ये शत्रू पाणी. घरच्या ड्रममधून भरत असाल तर ड्रम रात्रभर हलवू नका, तळापासून चार बोटं वर पाइप ठेवा, आणि जाळीच्या चाडीत जाड फडकं घालून गाळा. फिल्टरखालचा पाणी काढायचा नॉब पावसाळ्यात पंधरा दिवसांनी सैल करून काचेच्या ग्लासात पाव कप घ्या. पाणी तळाला वेगळं दिसतं. कॉमनरेल पंपाला (नव्या डिझेल गाडीतल्या जादा दाबाच्या पंपाला) वंगण डिझेलचंच असतं. पाणी किंवा रॉकेल मिसळलं की पंप आतून घासतो, बारीक चुरा चारही इंजेक्टरमध्ये जातो, आणि काम हजारांत संपत नाही.

डबा विकत घेताना झाकणाची रिंग अखंड आहे का, बूच उघडल्यावर आतलं सील चिकटलेलं आहे का, डब्यावरचा बॅच नंबर आणि तारीख खोडलेली नाही ना, आणि क्यूआर कोड असेल तर तो मोबाइलवर उघडतो का, एवढं उभ्या-उभ्या बघून घ्या. बिल घ्या. ऑइल डोळ्यांसमोर ओतून घ्या, आणि रिकामा कॅन दुकानात न सोडता त्याच्या तळाला स्क्रूड्रायव्हरने दोन भोकं पाडून मगच भंगारात द्या, म्हणजे तोच कॅन पुन्हा भरून कुणाच्या गाडीत जाणार नाही. निघालेलं काळं तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या वर्कशॉपला द्या. बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि ग्रेड कागदावर लिहून बोनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी मिस्त्री दुसरा असला तरी त्याला तेच ऑइल सांगता येईल.